कवळीवाल्यांचा हात

त्या हिवाळ्यात कवळीवाले घरकामाला हात लावू लागले आणि सगळ्या इमारतीत त्याची चर्चा झाली.

तोवर त्यांनी उठून स्वतःचा पाण्याचा ग्लास भरून घेतल्याचंही त्यांच्या बायकोला आठवत नव्हतं. आता संध्याकाळी मागच्या खोलीतून काम संपवून बाहेर आले, की समोर दिसेल ते पुढ्यात ओढत. मटार असले तर मटार सोलत. वाळलेले कपडे असले तर घड्या घालत. काहीच नसलं तर शिवणाच्या डब्यातली बटणं आकाराप्रमाणे वेगळी करत. समोरची शेजारीण एकदा शिडी मागायला आली, तेव्हा ते उशांचे अभ्रे उलटे करून शिवणीतले सुटे धागे काढत बसले होते.

शेजारणीने दारातच आवाज खाली आणला. "ह्यांना काय खायला घालता हो?"

"मी कुठे काय घालते? उशिरा का होईना, अक्कल आली."

"आमच्याकडे कधी यायची?"

"पाठवून द्या की. ह्यांच्याकडे शिकवणीला बसतील."

दोघी हसल्या. कवळीवाल्यांनी मान वर केली नाही. अभ्रा संपला तसा त्यांनी दुसरा घेतला.

खरं कारण त्यांच्या उजव्या हातात होतं. हात रिकामा ठेवला की हलायला लागायचा. आधी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर घासत, दोन बोटांत कणकेची गोळी वळावी तसं. मग मनगट त्यात सामील होई. हाताला काही काम दिलं, की थरथर थांबायची. त्यांच्या सख्ख्या काकांचं असंच सुरू झालं होतं. पुढे काकांना सदऱ्याची बटणं काकूकडून लावून घ्यावी लागत, आणि चहा पेल्यापेक्षा बशीत जास्त असे. त्यामुळे या दुखण्याचं नाव कवळीवाल्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच ते डॉक्टरकडे गेले नव्हते. दुसऱ्या कुणी ते नाव उच्चारेपर्यंत ते आपलं नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

कामात अजून काही बिघडलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवत, त्यावरून कवळीवाले मागच्या खोलीत कवळ्या तयार करत. प्लॅस्टर ओतायचं, मेणाची हिरडी करायची, त्यात एकेक दात उभा करायचा, सुळा जरासा वळवायचा, म्हणजे हसताना खोटा वाटत नाही. हे करताना हात पूर्वीसारखाच चाले. पण या धंद्यात निम्मा वेळ थांबण्यात जातो. प्लॅस्टर घट्ट व्हायला थांबा, मेण गार व्हायला थांबा. हात हले तो तेव्हा. खोलीत दुसरं कुणी नसे आणि दार आतून लावलेलं असे, म्हणून चालून जात होतं.

आता तो आडोसाही जायची वेळ आली होती. डॉक्टरीणबाई मोठ्या जागेत जाणार होत्या. तिथे कवळ्यांची खोली दवाखान्यातच, दर्शनी भागात, मोठ्या काचेमागे असणार होती. "लोकांना दिसू दे ना, किती मन लावून करता तुम्ही," असं त्या म्हणाल्या होत्या. कवळीवाल्यांनी नाही म्हटलं तर डॉक्टरीणबाईंची दुसरी सोय होती. मशीनवर दात कोरून देणाऱ्या मोठ्या कंपनीचा माणूस त्यांच्याकडे दोनदा येऊन गेला होता. कवळीवाल्यांनी "विचार करून सांगतो" म्हटलं होतं, आणि विचार काही संपत नव्हता.

"एवढा कसला विचार?" बायको म्हणे. "उलट घरातला प्लॅस्टरचा धुरळा जाईल. मी त्या खोलीत कपाट ठेवीन."

"बघू."

"बघू बघू करत दुसऱ्याला जाईल काम."

"टोपलीत मटार आहेत का अजून?" ते विचारत.

रविवारी मात्र सोलायला काही नसे. रविवारी पहाटे ते मेहुण्याबरोबर खाडीवर मासे धरायला जात. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. नळ आणि फरशांच्या दुकानात विक्रीला होता आणि तिथे दिवसभर बोलायची सवय झाल्याने पाण्यापाशीही गप्प बसत नसे. दोघे धरत ते ब्रीम मासे. हा मासा चपटा, रुपेरी, फार तर दीड वीत लांब, पाठीवर काट्यांची ओळ. लाकडी धक्क्याच्या खांबांना कालवं चिकटलेली असतात, ती फोडून खायला तो तिथे फिरतो. त्यासाठी निसर्गाने त्याला पुढे सुळे आणि मागे चांगल्या दाढांच्या रांगा दिल्या आहेत. कवळीवाल्यांनी पहिला ब्रीम धरला तेव्हा त्याचं तोंड उघडून बराच वेळ आत पाहिलं होतं आणि "बसवलेत चांगले," एवढंच म्हणाले होते.

ब्रीम पकडायला जोर लागत नाही. रॉड बारीक लागतो, दोरा शिवणाच्या दोऱ्याइतका, आणि त्याच्या टोकाला लहानशा गळावर करंगळीएवढी रबरी अळी. गळाच्या मुंडीला शिशाचा मणी असतो, त्याच्या वजनाने अळी सावकाश बुडते. ती खांबाच्या अगदी जवळ टाकायची, तळाला जाऊ द्यायची आणि मग काही करायचं नाही. तिथेच माणसं चुकतात. ब्रीम संशयी असतो. अळीच्या मागे येतो, बघतो, अळीने उगाच उडी मारली की वळून जातो. म्हणून दोरा पाण्यात शिरतो त्या जागेवर डोळे ठेवून उभं राहायचं. दोरा जरा उडाला की रॉड नुसता उचलायचा. रिळाचा ब्रेकही हलका ठेवायचा, कारण गळ लागला की मासा खांबांत शिरतो, आणि दोरा ताणलेला असला तर कालवांच्या कडेवर तो पटकन तुटतो.

मेहुण्याला हे सगळं माहीत होतं, फक्त जमत नव्हतं. तरी आजवर दोघांचं सारखंच होतं. एखाद्या रविवारी एखादा मासा, एरवी गप्पा आणि थर्मासातला चहा.

त्या हिवाळ्यात कवळीवाल्यांना मासे लागायला लागले. आधी दोन, मग चार, मग दर रविवारी पिशवीभर. लहान ते पाण्यात सोडून देत, तरी घरी पुरून उरत.

कारण त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. अळी तळाला पडली, हात रिकामा झाला आणि हलायला लागला. मनगटाची थरथर रॉडमध्ये गेली, रॉडच्या शेंड्यातून दोऱ्यात, आणि दोऱ्यातून खाली. वर काही दिसत नव्हतं, शेंडा जेमतेम कापत होता. पण खाली अळी जागच्या जागी, न सरकता, जिवंत असल्यासारखी शहारत असणार. दुखणं नसलेल्या माणसाने मुद्दाम करू म्हटलं तर ते सहजासहजी होण्यासारखं नव्हतं. मासा लागला की हाताला काम मिळे आणि हात शांत होई. पिशवी जड होत जाई तसा कवळीवाल्यांचा चेहरा उतरत जाई.

मेहुण्याचा चेहरा वेगळ्या कारणाने उतरत होता. त्याच्याकडे नवा रॉड होता, नवं रीळ होतं आणि हरतऱ्हेच्या रंगांच्या अळ्यांचा खणाखणांचा डबा होता. कवळीवाले अळ्या घरीच बनवत. कवळीसाठी करतात तसाच प्लॅस्टरचा साचा करून त्यात मऊ रबर ओतत. रंग म्हणून हिरड्यांसाठी आणलेला गुलाबी घालत, कारण घरात तोच होता.

"रंग आहे हा," मेहुण्याने एका रविवारी निकाल दिला. "भावजी, रंगाची गंमत आहे. माशाला वाटतं, कुणाची तरी हिरडी पडली."

"ने मग."

त्यांनी मूठभर अळ्या दिल्या. मेहुण्याने पुढचे कित्येक रविवार त्या खाडीत बुडवल्या आणि एक खेकडा वर काढला.

मग त्याने जागा बदलून पाहिली. भावजींच्या खांबापाशी स्वतः उभा राहिला, त्यांना आपल्या खांबापाशी उभं केलं. मासे खांब बदलून भावजींकडे गेले. मग तो त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि पहिल्यांदाच बराच वेळ गप्प बसला.

"मनगट," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही मनगटाने काहीतरी करता."

"काही करत नाही."

"शेंडा हलतोय भावजी. मी काय आंधळा आहे? बारीक हलवता तुम्ही. कुणाकडून शिकलात?"

"वारा असेल."

"वारा फक्त तुमच्याच रॉडला लागतो का? राहू दे. नका सांगू. दुकानात गिऱ्हाइकाला मी पण सगळं सांगत नाही."

कवळीवाल्यांनी दोरा गुंडाळायला सुरुवात केली. हाताला काम मिळालं आणि शेंडा थांबला. मेहुण्याने तेही पाहिलं आणि त्याची खात्रीच पटली की भावजी लपवाछपवी करतात.

पुढच्या रविवारी दुपारी तो जेवायला थांबला. बायकोने मासे तळले होते. टेबलाशी तिघंच होते. मेहुण्याने पहिल्या घासाआधीच तक्रार मांडली.

"ताई, तुझा नवरा पक्का आहे. सख्ख्या मेहुण्याला विद्या देत नाही."

"माझ्याशी तरी कुठे धड बोलतात? जेव तू. काटे बघून खा."

"अगं, ऐक तर. हात असा सैल सोडायचा." मेहुण्याने चमचा घेतला, कोपर टेबलावर टेकवलं आणि चमचा पुढे धरला. "मग हे मनगट असं. दिसतंय? जोरात नाही. असं थरथर, थरथर, बारीक. खाली अळी नाचते. मासा वेडा होतो. आठवडाभर सराव करतोय मी, दुकानात पेन घेऊन. मालक म्हणाला, थंडी वाजते का?"

बायको हसली. चमचा मेहुण्याच्या हातात खरोखरच चांगला थरथरत होता. "पडेल तो, ठेव खाली."

"भावजी, बरोबर आहे ना? एवढंच सांगा. अंगठ्याचं काय करता? अंगठा असा घासता ना?"

"अहो, सांगून टाका एकदाचं," म्हणत बायको हसतच नवऱ्याकडे वळली.

कवळीवाल्यांचा डावा हात पाण्याच्या ग्लासावर होता. उजवा त्यांनी मांडीवर ठेवला होता, टेबलाखाली. पण बायको काटकोनात बसली होती आणि तिला तो दिसत होता. तो हात तेच करत होता. अंगठा बोटावर, मग मनगट. चमचा नव्हता, दाखवायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि हात तेच करत होता.

ती हसायची थांबली. मेहुण्याचा चमचा अजून हवेत चालला होता.

"पुरे," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"पुरे म्हटलं ना. जेवताना कसले चाळे? लहान आहेस का?"

मेहुण्याने चमचा ठेवला. ताई एवढ्याशा गोष्टीवरून चिडली म्हणून तो जरा फुरंगटला, पण मासा चांगला झाला होता. ती उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात लसणाचे गड्डे होते. ते तिने नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवले.

"जेवण झालं की एवढे सोला," ती म्हणाली. "संध्याकाळी लागतील."

संध्याकाळी लागणार नव्हते. घरात सोललेल्या लसणाची वाटी भरून होती, ती त्यांनीच आदल्या दिवशी भरली होती. कवळीवाल्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गड्डा हातात घेतला.

त्यानंतर दोघं त्यावर बोलली नाहीत. ती मात्र बारीक लक्ष ठेवू लागली. दारावर कुणी आलं की त्यांच्या पुढ्यात काहीतरी येऊन पडे, कधी शेंगा, कधी गुंतलेली सुतळी. शेजारीण एकदा म्हणाली, "आता मात्र अति होतंय हं. बिचाऱ्यांना जरा टेकू द्या." बायको म्हणाली, "त्यांना नाही आवडत." रात्रीच्या जेवणाचे पदार्थ तिने सोलण्या-निवडण्यावर बेतायला सुरुवात केली. काही आठवड्यांपूर्वी ज्याचं तिला कौतुक होतं तेच ती आता सामान पुरवून चालू ठेवत होती.

डॉक्टरीणबाई नव्या जागेचा नकाशा घेऊन घरी आल्या तो शनिवार होता. त्यांना सुताराला काचेचं माप द्यायचं होतं आणि आता उत्तर हवं होतं. त्या सोफ्यावर बसल्या, कवळीवाले समोरच्या खुर्चीत. नकाशा टीपॉयवर पसरला होता. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट दाबलेला होता. बायकोने चहा आणला, हाताकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली. ती आली ती ओले चमचे आणि फडकं घेऊन.

"अहो, एवढे पुसून देता का?"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "पाहुण्यांसमोर पण कामाला लावता?"

"सवय आहे त्यांना," बायको म्हणाली. तिचा आवाज हलका होता, पण ती उभीच राहिली.

कवळीवाल्यांनी एक चमचा पुसला. दुसरा घेतला आणि थांबले. आपण एकटेच लपवतोय असं वाटत होतं तोवर ठीक होतं. आता ही बाई ओले चमचे घेऊन पाहुण्यांपुढे उभी होती, आणि हे कोरडे झाले की आतून आणखी आणणार होती. चमचा त्यांनी खाली ठेवला. फडकं घडी करून त्याच्यावर ठेवलं. मग उजवा हात उचलून नकाशावर ठेवला, काच दाखवली होती त्या रेघेवर, आणि सोडून दिला.

काही वेळाने हात हलायला लागला. नकाशाचा कागद बारीक कुरकुरला.

"काचेमागे हे दिसेल," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कप बशीत ठेवला. "कधीपासून?"

ते आठवू लागले तेवढ्यात बायको म्हणाली, "मटार सोलायला लागले तेव्हापासून."

"आणि काम करताना?"

"तेव्हा नाही."

"दाखवा."

तिघं मागच्या खोलीत गेली. कवळीवाल्यांनी दिवा पेटवला, पातं तापवलं आणि अर्ध्या झालेल्या कवळीत दोन दात बसवले. सुळा नेहमीसारखा जरासा वळवला. डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात धरली, बोट फिरवून पाहिलं. बायको दारात उभी होती. या खोलीत ती झाडायला येई, पण काम चालू असताना क्वचितच आली होती.

"आधी तपासून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या ओळखीचे आहेत एक, मी फोन करते. काचेचं काय, पडदा लावू. पण यापुढे प्रत्येक कवळी मी हातात घेऊन बघणार. वाईट वाटून घेऊ नका."

"आजवर बघत नव्हता?"

"आजवर तुमची आहे म्हटल्यावर बघत नव्हते."

त्याचं वाईट वाटलं. त्यांनी दिवा विझवला.

डॉक्टरांनी काकांच्याच दुखण्याचं नाव उच्चारलं. गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी आधी मळमळलं, मग हळूहळू हात निवला. पूर्ण नाही, पण खुर्चीत बसून चहा पिता येईल इतका. गोळ्या किती वर्षं पुरतील ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, यांनीही विचारलं नाही. कवळीवाले नव्या जागेत पडद्यामागे बसू लागले. मागच्या खोलीत कपाट आलं. घरात घड्या घालायचे कपडे पुन्हा खुर्चीवर साचू लागले, आणि शेजारीण म्हणाली, "उतरलं वाटतं भूत." बायको म्हणाली, "हो, बरं झालं."

"भावाला सांगायचं का?" तिने एकदा नवऱ्याला विचारलं.

"नको. चमच्याची लाज वाटत राहील त्याला."

"वाटू दे की थोडी."

"मग तो गप्प होईल. तो गप्प बसला तर मी रविवारी कुणाबरोबर जाऊ?"

रविवारी मात्र मासे लागेनात. अळी तळाला पडे आणि पडून राही. हात शांत असे, दोरा शांत असे. कवळीवाले पूर्वीसारखेच दोरा पाण्यात शिरतो तिथे बघत उभे राहत, आणि पूर्वीसारखीच रिकामी पिशवी घेऊन परतत. मेहुण्याला त्यांची काळजी वाटायला लागली.

"भावजी, तुमचं मनगट गेलं हो."

"होतं असं कधीकधी."

"पण इतकं? काय होतं आणि काय झालं."

त्याचा स्वतःचा सराव वाया गेला नव्हता. इतके आठवडे दुकानात पेन हलवून त्याचं मनगट तयार झालं होतं, आणि एका रविवारी, खांबाच्या सावलीत, त्याचा दोरा उडाला. त्याने नेमका ब्रेक हलका ठेवला होता. मासा खांबाकडे पळाला, दोरा सुटत गेला, तुटला नाही. वर आला तो चांगला दीड वितीचा ब्रीम होता. मेहुण्याने तो खाली ठेवला, शर्टाला हात पुसले आणि थेट कवळीवाल्यांकडे आला.

"इकडे या. आता मी शिकवतो. तुमचंच तुम्हाला परत देतोय, फी नाही घेत."

"राहू दे."

"अहो, या तर. रॉड धरा. कोपर अंगाला. हात सैल सोडा, एकदम सैल." त्याने भावजींचं मनगट आपल्या हातात घेतलं. "आता तुम्ही काही करू नका. मी हलवतो."

कवळीवाल्यांनी हात सैल सोडला. मेहुण्याने तो बारीक, भरभर हलवायला सुरुवात केली. रॉडचा शेंडा कापू लागला.

"आठवलं का?"

"आठवलं," ते म्हणाले.

मासा मेहुण्याने ताईसाठी दिला. तो घेऊन ते घरी आले तेव्हा बायको ओट्याशी होती. तिने पिशवीत पाहिलं आणि मग पहिल्यांदा त्यांच्या हाताकडे.

"कुणी धरला?"

"तुझ्या भावाने."

"त्याने? कसा?"

"मनगटाने."

तिने मासा पाटावर काढला आणि विळी ओढली. "शेपटी धरा," ती म्हणाली. "निसटतो हा."

त्यांनी धरली. ती खवले काढू लागली.